हाड सांधते कोण?



घरात कोणाचे हाड मोडले की औषधांचा ओघ सुरू होतो. शेजारच्या काकू डिंकाचे लाडू घेऊन येतात, गावाकडचे मामा हाडसांधीच्या कांड्या पाठवितात, कोणी अळिवाची खीर सुचवितो. अलीकडे परदेशी असलेला मुलगा किंवा भाचा एखादी सुबक बाटलीही धाडतो. त्यामागची माया खरीच असते. सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसलेल्या माणसाला ‘लवकर बरा हो’ असे नुसते म्हणण्यापेक्षा काहीतरी हातात ठेवणे सर्वांनाच बरे वाटते.

या साऱ्या वनस्पतिजन्य औषधांनी हाड खरोखर लवकर सांधते का, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देईनच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हाड आपल्या गतीने सांधत असताना ही औषधे शरीरात दुसरीकडे कोठे काय करीत असतात?

प्रथम हाडाविषयी. आपल्या शरीरातील बहुतेक जखमा व्रण ठेवून भरतात. हाड मात्र पुन्हा हाड होऊनच भरते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साखळते. ही गुठळी म्हणजे निरुपयोगी साका नव्हे, तिच्यातूनच दुरुस्तीचे संदेश सुटतात. पहिले काही दिवस सूज आणि ठणका असतो, तो या कामाचाच भाग. मग दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो, पुढील आठवड्यांत त्यात कॅल्शियम बसून तो कठीण होतो आणि नंतर कित्येक महिने, कधी वर्षे, शरीर त्या ओबडधोबड सांध्याला मूळ आकार देत राहते. प्रौढ माणसाचे मनगट सुमारे सहा आठवड्यांत कामापुरते सांधते. नडगीच्या हाडाला तीन ते चार महिने, कधी अधिकही लागतात. लहान मुलांचे हाड याहून पुष्कळच लवकर जुळते. या कामाला तीन गोष्टी लागतात : टोके जवळ व स्थिर असणे, तेथे रक्तपुरवठा पोहोचणे आणि शरीरात बांधकामाचे साहित्य असणे. प्लास्टर, सळई किंवा पट्टी हाड सांधीत नाही. ती फक्त स्थिरता देते. सांधते ते शरीरच.

आता आपल्या घरच्या वेलीकडे वळू. हाडसांधी किंवा कांडवेल म्हणजे चौधारी खोडाची, पेऱ्यापेऱ्यांची वेल. संस्कृतात तिला अस्थिसंहार म्हणतात. हाडे जोडल्यासारखे तिचे रूप पाहूनच तिला हे नाव मिळाले असावे, असे मला नेहमी वाटते. ती केवळ आजीबाईच्या बटव्यापुरती राहिली नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शल्यविशारद डॉ. के. एन. उडुप आणि त्यांचे सहकारी डॉ. जी. सी. प्रसाद यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी या वनस्पतीवर पद्धतशीर काम केले. प्राण्यांवरील प्रयोगांत किरणोत्सारी कॅल्शियम वापरून सांध्यात ते किती जमते, हे मोजले. तिने सांधा लवकर बळकट होतो, असे त्यांना आढळले. पुढे जबड्याच्या अस्थिभंगाच्या रुग्णांवरही काही लहान अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक होते. तथापि ‘आशादायक’ आणि ‘सिद्ध’ यांत मोठे अंतर आहे. शेकडो रुग्णांच्या दोन गटांची, कोणाला काय दिले हे रुग्ण आणि तपासणारा या दोघांनाही ठाऊक नसताना, तुलना व्हावी लागते. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडासाठी तशा तोडीचा पुरावा हाडसांधीच्या पदरी नाही. तिला थोतांड म्हणण्याचे मला कारण दिसत नाही आणि तिच्या भरवशावर प्लास्टर आठवडाभर आधी काढण्याचेही नाही. कच्ची कांडवेल मात्र चावून खाऊ नये. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. तोंड, घसा खाजून लाल होतो आणि ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी तर तिच्यापासून दूरच राहावे.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राचीन परंपरेचे नाव घेऊन लेपाच्या पुड्या विकणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सेचा अध्याय एकदा वाचावा. तेथे भर आहे तो हाड ताणून जागेवर आणण्यावर, झाडांच्या सालींच्या व बांबूच्या पट्ट्यांनी आधार देण्यावर आणि बंध सैल नको तसाच घट्टही नको, यावर. बंध किती दिवसांनी बदलावा, हे ऋतूप्रमाणे वेगवेगळे सांगितले आहे, कारण उन्हाळ्यात सूज आणि पू यांचे भय अधिक. दूध, तूप, मांसरस असा पौष्टिक आहार सुचविला आहे. औषधी द्रव्ये तेथे आहेतच, परंतु ती स्थिरतेची जागा घेण्यासाठी नाहीत. आज मात्र काही ठिकाणी लेप लावून कामट्यांनी करकचून बांधलेला हात घेऊन रुग्ण येतात, बोटे काळीनिळी पडलेली असतात. बांधल्यानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, बोटे सरळ करताना जीव जाऊ लागला, मुंग्या आल्या किंवा बोटे थंड पडली, तर सकाळची वाट पाहू नये. तो बंध त्याच क्षणी सैल करून रुग्णालय गाठावे. स्नायू आणि नसा अशा दाबाखाली केवळ काही तास तग धरतात. प्लास्टरलाही हाच नियम लागू आहे, मग ते कितीही मोठ्या रुग्णालयातले असो.

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे : त्यांच्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई अंगणात घसरल्या, मनगट मोडले. प्लास्टर आहे, पण रात्री झोप नाही, मन सारखे धास्तावलेले. मेलबर्नहून आलेल्या दिरांनी ‘कावा’च्या कॅप्सूल दिल्या आहेत. ‘नैसर्गिक आहे, सवय लागत नाही’ असे बाटलीवर लिहिले आहे. त्याने हाड सांधण्यात अडथळा येईल का?

कावा ही आपल्याकडची वनस्पती नव्हे. फिजी, टोंगा, सामोआ, वानुआतू या प्रशांत महासागरातील बेटांवर ती पिकते. आपली नागवेल आणि मिरी ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झुडूप. त्याचे मूळ कुटून पाण्यात कालवितात, गाळतात आणि नारळाच्या करवंटीतून पितात. रंग गढूळ, चव मातकट. ओठ-जीभ थोडी बधिर होते आणि मन सैलावते. फिजीत त्याला यंगोना म्हणतात. पाहुण्यांचे स्वागत, तंट्यांची समेट, गावच्या बैठका यांत त्याचे स्थान मानाचे आहे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांनीही ते आपलेसे केले आहे. त्या समाजात त्या पेयाला जो अर्थ आहे, तो कॅप्सुलीत भरता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. पाश्चात्त्य देशांत याच मुळाचे अर्क चिंता आणि निद्रानाश यांवर विकले जाऊ लागले. युरोपात यकृत निकामी झाल्याचे वृत्तान्त आले. जर्मनीने २००२ साली ही उत्पादने बाजारातून काढली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यकृताच्या इजेविषयी ग्राहकांना सावध केले. जर्मनीतील बंदी २०१४ साली तेथील न्यायालयाने उठविली आणि ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१ पासून कावाच्या व्यापारी आयातीला परवानगी दिली. म्हणजे हा वाद एका बाजूने मिटलेला नाही. यकृताची इजा क्वचितच होते, हे खरे. परंतु जेव्हा होते तेव्हा यकृतारोपणापर्यंत वेळ जाऊ शकते, हेही खरे.

कावामुळे हाड लवकर किंवा उशिरा सांधते, असे माणसांवर सिद्ध झालेले नाही. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘हाडापुरता अडथळा दिसत नाही’ असे आहे. तरीही ही बाटली सासूबाईंना देऊ नका, असेच मी सांगेन. हाड मोडलेल्या माणसाला वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिलेले असते. त्याचा निचरा यकृतातून होतो आणि कावाचा भारही त्याच यकृतावर. पुष्कळदा सोबत ट्रॅमाडॉल असते, ते स्वतःच गुंगी आणणारे. वृद्धांपैकी अनेकजण वर्षानुवर्षे झोपेची अल्प्राझोलामसारखी गोळी घेत असतात. अल्प्राझोलाम आणि कावा एकत्र घेतलेला एक रुग्ण अर्धवट बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणावा लागल्याची नोंद १९९६ साली वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. आणि समजा, यांतले काहीच घडले नाही, तरी गुंगीतली व्यक्ती मध्यरात्री लघवीला उठते. एक हात प्लास्टरमध्ये असल्याने तोल सावरायला दुसराच काय तो हात. अंगणातील साध्या घसरण्याने ज्या वयात मनगट मोडते, त्या वयात हाडे ठिसूळ झाली असल्याचा तो पहिला इशारा असतो. दुसरे पडणे खुब्याचे असू शकते. सासूबाईंची हाडांची घनता तपासून घ्या आणि झोप का येत नाही ते विचारा. बहुतेक वेळा वेदना रात्री उसळते म्हणून झोप येत नाही. हात उशीवर हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवला आणि वेदनाशामक गोळीची वेळ झोपण्यापूर्वीची करून घेतली, तर निम्मे काम होते.

यकृताचा विषय निघालाच आहे, तर तो परदेशी झुडपावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. २०२० साली साथीच्या काळात आपण घरोघर गुळवेलीचे काढे उकळले. त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची इजा पाहिली आणि ती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांना हरकत घेतली, तो वाद सर्वश्रुत आहे. अश्वगंधेच्या अर्कांबाबतही तसे वृत्तान्त आलेले आहेत. म्हणून उद्यापासून सर्व काही फेकून द्या, असे मी म्हणत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना फक्त गोळ्यांचीच नव्हे, काढ्याचीही गोष्ट सांगा, एवढेच.

शस्त्रक्रिया करावी लागली, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे वनस्पतिजन्य पूरके थांबविण्याचा आहे. सल्ला उत्तमच. पण हर्नियाची तारीख ठरविता येते, खुबा सांगून मोडत नाही. वृद्ध माणसाचा खुबा मोडला, तर शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण अंथरुणात पडून राहण्याचे धोके मोठे असतात. म्हणजे पूरके थांबवायला अवधीच नाही. अशा वेळी आपल्या हाती एकच साधन उरते : सांगणे. नेमके तेच होत नाही. भूलतज्ज्ञ विचारतात, ‘औषधे कोणती चालू आहेत?’ आणि उत्तर येते, ‘औषध काही नाही हो डॉक्टर, नुसते आयुर्वेदिक.’ त्या ‘नुसत्या’त लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल असतात, गिंको असते, हळदीच्या अर्काच्या गोळ्या असतात. ही द्रव्ये रक्तातील चपट्या पेशींची एकमेकींना चिकटण्याची शक्ती कमी करू शकतात. त्यात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. दोन्ही मिळून जखम पाझरत राहिली, तर दोष शस्त्रक्रियेला जातो.

येथे लगेच हळदीच्या दुधावर संशय घेऊ नका. फोडणीतला लसूण आणि कपभर दुधातली अर्धा चमचा हळद यांनी कोणाची शस्त्रक्रिया बिघडत नाही. हळदीत करक्युमिन शेकडा तीनच्या आसपास असते. पाचशे मिलिग्रॅमच्या तीव्र अर्काच्या एका कॅप्सुलीत जवळजवळ दहा कप हळदीच्या दुधाइतके करक्युमिन भरलेले असते आणि ते अंगी लागावे म्हणून वर मिरीतील पायपेरिन घातलेले असते, जे इतर औषधांचे शोषणही वाढवू शकते. स्वयंपाकघरातील वस्तू आणि कारखान्यातील अर्क यांचे नाव एक असले, तरी मात्रा एक नसते.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो. हाडसांधी, हळद, कावा या निदान नावाच्या वस्तू आहेत. सर्वांत घातक असते ती बिननावाची पुडी. गुडघेदुखीवर, कंबरदुखीवर कोणीतरी देतो. कागदात बांधलेली भुकटी किंवा डबीतल्या काळ्या गोळ्या, त्यावर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना तारीख. दोन दिवसांत वेदना पळते. वनस्पती एवढी तातडीने काम करीत नाही. इतका चमत्कार घडला, तर त्या भुकटीत स्टेरॉइड मिसळले असल्याची शंका घ्यावी. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन अशा रीतीने मिसळलेले देशात वारंवार आढळले आहे आणि ते उघडउघड बेकायदा आहे. काही महिन्यांत भूक वाढते, चेहरा गोल होतो, ‘तब्येत सुधारली’ असे नातेवाईक म्हणतात. हात-पाय बारीक होत जातात, त्वचा पातळ होऊन जरा लागले तरी निळे डाग उठतात, साखर आणि रक्तदाब चढतो.

हाडाशी याचा संबंध थेट आहे. नवे हाड रचणाऱ्या पेशींना स्टेरॉइड थोपवून धरते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, मणके आणि खुबा ठिसूळ होतात. म्हणजे ज्या पुडीने गुडघ्याची वेदना थांबविली, तिनेच हाड मोडायला सोपे केले आणि मोडल्यावर सांधायला अवघड. वर ही पुडी अचानक बंद करणेही धोक्याचे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने मूत्रपिंडावरील ग्रंथी आपले काम सोडून देतात. अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराला ते द्रव्य अधिक हवे असते आणि नेमके तेव्हाच ते नसते. रक्तदाब कोसळून रुग्ण दगावू शकतो. शल्यविशारदाला आधी ठाऊक असेल, तर शस्त्रक्रियेच्या वेळी योग्य मात्रेत स्टेरॉइड देऊन हा प्रसंग सहज टाळता येतो. म्हणून घरातील आजी-आजोबा अशी पुडी घेत असतील, तर त्यांच्यावर रागावू नका, पुडी परस्पर बंदही करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा. लाजेपोटी लपविलेल्या पुड्या मी उशीखालून, देव्हाऱ्यामागून निघालेल्या पाहिल्या आहेत.

हाड उशिरा सांधण्याची आमच्या रोजच्या पाहण्यातील कारणे मात्र याहून साधी आहेत. पहिले तंबाखू. सिगारेट, विडी तर आहेच, पण आपल्याकडे घरोघर लावली जाणारी मिश्रीही तंबाखूच. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि सांध्याला रक्त कमी मिळते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ असे सांगणाऱ्या माऊलींना हे समजावून सांगावे लागते. दुसरे, हाताबाहेर गेलेला मधुमेह. तिसरे, ताटातील प्रथिनांची उणीव, विशेषतः उपास-तापास करणाऱ्या वृद्ध स्त्रियांत. डिंकाचा लाडू मला आवडतो, त्यातील खारीक, खोबरे आणि तूप अशक्त माणसाला उष्मांक देतात. परंतु मधुमेही रुग्णाला दिवसाला दोन लाडू म्हणजे साखरेला आमंत्रण. त्यापेक्षा वाटीभर घट्ट वरण, दही, उसळ, पनीर, चालत असल्यास अंडे किंवा मासा, आणि तीळ-नाचणी रोजच्या जेवणात असू द्यावी. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. तपासून, मात्रा ठरवून घ्यावे. आठवड्याची पुडी रोज घेतल्याने हाड सातपट वेगाने सांधत नाही, उलट रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळ आणि मूत्रपिंडाची इजा होते.

एक पिशवी घ्या. घरातील रुग्ण जे काही तोंडाने घेतो किंवा अंगाला लावतो ते सारे तिच्यात टाका : गोळ्या, काढे, चूर्णे, तेले, परदेशी बाटल्या, बिननावाच्या पुड्याही. हाडाच्या डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेच्या लिफाफ्यासोबत ही पिशवी न्या आणि टेबलावर रिकामी करा. कोणी डॉक्टर कपाळाला आठी घालतीलही, घालू द्या. प्लास्टरमध्ये असलेल्या हाताची बोटे मात्र पहिल्या दिवसापासून दर तासाला दहा वेळा मिटा-उघडा आणि खांदा दिवसातून चार-पाच वेळा डोक्यावर उचला. सहा आठवड्यांनी मनगट जुळले, पण खांदा आखडला, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण दर महिन्याला असतातच.

पुढील अंकात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्यांविषयी सविस्तर लिहीन.